राघूआत्या आणि टीव्हीवरचे राघू

आमच्या राघूआत्याला हळू बोलता येत नसे. मीठ मागायचं असलं तरी ती पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारल्यासारखी मागायची. तिवश्याजवळच्या पेरूच्या बागेत राघू हाकलण्यात तिचा जन्म गेला. आवाज त्यात घडला आणि नावही तेच चिकटलं. या नावाचा तिला मनस्वी राग होता. "ज्याईनं मले जगू देल्लं नाही, त्याईचंच नाव देल्लं तुमी मले," म्हणायची.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बाग तिनेच लावली, तिनेच जगवली. राघू पेरू खातात याबद्दल तिची तक्रार नव्हती. "खाय ना बाबा, पन एक तं पुरा खाय," अर्धवट कुरतडलेले पेरू गोळा करत ती म्हणे. पाहुणा आला की आधी राघूंची कागाळी, मग चहा. आम्हा भाच्यांना त्याच पेरूंचा चांगला भाग कापून, तिखटमीठ लावून देई. ते सगळ्यात गोड असत, हेही ती चिडूनच सांगे. "हलकटाईले बराबर गोड तेच समजते."

म्हातारपणी एका हिवाळ्यात मचाणावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिच्या सासरकडच्या पुतण्याच्या, दिनेशच्या हाती बाग सोपवून मी तिला अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी आणलं. वरच्या मजल्यावरची खोली, हातात वॉकर आणि हाकलायला काही नाही. मग ती आमच्यावरच ओरडे. खालचे शेजारी काय झालं म्हणून वर येत. तिचं मन रमावं म्हणून एका दुपारी मी टीव्हीवर रानातल्या पोपटांची चित्रफीत लावली. उंबराच्या झाडावर अख्खा थवा उतरला होता.

"हा मानूस फोटू काहाले काढून राहिला?" ती भडकली. "हाकलत काहून नाही?"

"आत्या, ते जंगल आहे. ती झाडं कोणाचीच नाहीत."

"कोनाचीच नाही म्हंजे?"

"कोणी लावली नाहीत, कोणी राखत नाही."

तिने पडद्यावरच्या उंबराकडे बोट केलं. "मंग हे झाड अजून उभं कसं हाय?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच ती चित्रफीत मागितली. मग रोजच. बघायची आणि संतापायची. निवेदक गोड आवाजात 'हे देखणे पक्षी' म्हणाला, की "तुया घरी पाठवून देऊ काय?" आणि मग एकच धोशा, "मले तिवश्याले नेऊन सोड. पेरूले फुल लागलं असन." डॉक्टर नाही म्हणत, मी पुढच्या महिन्यावर ढकलत असे. दोघंही एकमेकांना वैतागलो होतो.

पावसाळ्यात शेवटी नेलं. गाडी थांबली तिथे बाग नव्हती. मोकळी काळी जमीन आणि तिच्यात सोयाबीनची कोवळी रोपं. दिनेश हसत पुढे आला. मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला.

"झाडं कुठी हायेत?"

"काढली ना, काकू," तो सरळपणे म्हणाला. "राघू हाकलायले मानूस भेटत नाही. तुमीच तं जन्मभर वैतागल्या व्हत्या त्याईच्यानं. मनलं, तरासच संपवून टाकू."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होईना. आत्याने वॉकर वळवला आणि ती गाडीकडे निघाली.

परतताना बडनेरा मागे पडलं तरी मी दिनेशला शिव्या घालत होतो. "त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "मीच बोलत व्हती. पन इतकी वर्सं राघूईनं खाल्लं, झाड तं ठेवलं व्हतं ना."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. शेवटचे काही आठवडे ती चित्रफीत दिवसभर लागलेली असे. ओरडणं बंद झालं होतं. एकदा तिने माझ्या बायकोला जवळ बोलावलं.

"सुनीता, तो मानूस लय बोलते. त्याचा आवाज बंद कर. राघूईचा राहू दे."

"आत्या, तसं होत नाही. बंद केला तर दोन्ही बंद होतात."

"मंग काय कामाचा तुमचा टीवी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.