सामना सांगणारी आत्या

कसोटी सामना चालू असला की न्हावऱ्यात आमच्या आत्याच्या रानात जेवणाची सुट्टी साडेअकराला व्हायची. कांदा खुरपायला आलेल्या बायका कुरकुरायच्या. हिराबाई नावाची त्यांच्यातली म्होरकी तर स्पष्टच म्हणायची, "बाई, सकाळची भाकर अजून उतरली न्हाई पोटात, आन् तुमची दुसरी सुट्टी?" आत्या खुरपं बांधावर टाकून पदर झटकत म्हणायची, "तिकडं लंच झालाय. उठा." आणि बायका उठायच्या आत ती वस्तीच्या वाटेला लागलेली असायची. दुपारी चहाच्या सुट्टीलाही तेच. संध्याकाळी पंचांनी अंधूक प्रकाशामुळं खेळ थांबवला, तर बायकांनाही लवकर सुट्टी मिळे. त्यामुळं हिराबाई रोज आभाळाकडं बघून ढग आहेत का ते पाही.

आत्याला क्रिकेटचं वेड होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. वेड होतं ते मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला. वन-डे आणि ट्वेंटी-ट्वेंटीला ते हातही लावत नसत. कसोटी मात्र पहिल्या चेंडूपासून. आत्याला त्याचा राग यायचा. "पाच दिस खेळायचं, आन् शेवटी बरोबरी? आन् वर टाळ्या वाजवायच्या? एवढ्यात माझं एकरभर निंदून होतंय," असं ती टीव्हीसमोरून मुद्दाम केरसुणी फिरवत म्हणायची. मामा मान तिरकी करून तिच्या बाजूनं पडदा बघत राहायचे.

मी मूळचा दौंडचा. रांजणगावला एका कंपनीत लागलो तेव्हा आत्या म्हणाली, "खोली कशाला घेतोस? माझं घर काय पडलंय व्हय?" तिचा मुलगा संतोष पुण्यात नोकरीला होता, घरात हे दोघंच. म्हणून मी न्हावऱ्याला राहायला आलो आणि मोटारसायकलवरून कामावर जाऊ लागलो. त्याच वर्षी दिवाळीनंतर मामांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हां' आणि 'नको' एवढे दोनच शब्द उरले, तेही कधी उलटसुलट. टीव्हीवरचं चित्र भराभर बदललं की त्यांना गरगरायचं. रेडिओवरचं भरभर बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही.

शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यांच्याशी बोलत राहा. एका वेळी एकाच माणसानं, सावकाश. यांना कळतंय सगळं. बोलणं कानावर पडत राहिलं तर शब्द परत येतील."

आत्यानं विचारलं, "काय बोलू? इतक्या वर्सांत बोलायचं ते बोलून झालंय आमचं."

"त्यांना जे आवडतं ते बोला."

"त्यांना एकच आवडतं," आत्या म्हणाली, "आन् त्यातलं मला काय बी कळत न्हाई."

घरी आल्यावर तिनं चुलीपाशी बसकण मारली आणि मला म्हणाली, "पाव्हणा संघ कवा येतोय?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यापासून मालिका सुरू होतीय." तिनं कोपऱ्यातली कांद्याची पाटी पुढं ओढली. "मग शिकीव मला."

अंगणात कांदे मांडून मी आत्याला क्रिकेट शिकवलं. सगळ्यात मोठा कांदा यष्टिरक्षक. त्याच्या शेजारी तीन ठेवले तर म्हणाली, "हे तिघं एकाच जागी कशाला? गप्पा मारायला?" मी म्हटलं, बॅटला कड लागून चेंडू तिकडं जातो, तो धरायला. तिला पटलं. "म्हंजी दावं तोडून पळणारी शेळी धरायला माणसं आधीच उभी करायची." पायचीत समजायला मात्र तिला फार वेळ लागला. "लागला न्हाई तर लागला असता, म्हणून आउट? हा कुठला न्याव?" असं ती शेवटपर्यंत म्हणत असे. पण शिकली. मी तिला मोबाइलवर कॉमेंट्री लावून दिली. ती हिंदीत होती, पण परप्रांतीय मजुरांशी बोलून आत्याचं हिंदी चांगलंच सुधारलेलं. कानात एक वायर, त्यावर पदर, आणि हातात खुरपं. बायकांना आधी वाटलं, संतोषशी बोलतीय.

लंचला ती वस्तीवर यायची ती मामांना सामना सांगायला. पडवीत मामांची खाट होती. ती पायथ्याशी बसायची, मामांचं तोंड आपल्याकडं वळवायची आणि सुरू करायची. खेळाडूंची नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिनं स्वतःची ठेवली होती. आपला ठेंगणा सलामीवीर तो 'बारक्या'. पाहुण्यांचा उंच गोलंदाज तो 'उंट'. मामांना ही नावं लगेच समजली. कोण कोण ते विचारायची वेळ आली नाही.

"सकाळी दव होतं," ती सांगायची. "उंट लांबनं पळत आला, टाकला. आपल्या बारक्यानं सोडून दिला. परत टाकला. परत सोडला. तासभर नुसता सोडतोय. मला वाटलं, ह्याला खेळायचंच न्हाई का काय. पण तो बघत होता, पाणी किती खोल हाय ते." मामा डाव्या हाताचं बोट खाटेच्या लाकडावर वाजवायचे. म्हणजे वा. आत्या धावाही सांगायची, पण शेवटी, बाजारभाव सांगावा तशा. आधी सांगायची ऊन, खेळपट्टीची धूळ, कोण दमलाय, कोण चिडलाय. एकदा दिवसभरात काहीच घडलं नाही, तर म्हणाली, "आज काय बी झालं न्हाई, आन् तेच आपल्या फायद्याचं झालं." मामा त्या दिवशी झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

मालिकेतला एक सामना पुण्याला होता. गावातल्या पोपटआप्पांनी रविवारचं, म्हणजे चौथ्या दिवसाचं तिकीट काढलं. आप्पा मामांचे जुने दोस्त. गावच्या सोसायटीत पूर्वी संचालक होते, आणि बोलायला लागले की थांबत नसत. मामांच्या खाटेपाशी येऊन म्हणाले, "बबनराव, रविवारी मी जातोय. संध्याकाळी सगळं येऊन सांगतो. तुमचे डोळे घेऊनच जातोय म्हणा." मामा तीनदा 'हां' म्हणाले.

पण खेळपट्टी पहिल्या दिवसापासूनच उखडायला लागली. शनिवारी आपण दुसऱ्या डावात खेळत होतो. बारक्या लंचच्या आधीच गेला. तो गेल्याचं आत्यानं मामांना खरं तेच सांगितलं. मी पहिली पाळी करून चहाच्या वेळेला घरी पोचलो, तर आत्या बांधावर बसलेली, कानातली वायर हातात.

"संपलं रे," ती म्हणाली. "सगळी गेली. तीन दिसांत हरलो."

"मग सांग जाऊन."

"कसं सांगू? त्यांना ताण द्यायचा न्हाई म्हणलेत डॉक्टर. सकाळपास्नं डोळं लावून बसल्यात." मग उठून पडवीत गेली आणि मामांना म्हणाली, "अंधार आला तिकडं. अंधूक उजेड. खेळ थांबीवलाय. आपली बरीच जणं शिल्लक हायेत. आता उद्या बघायचं."

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.

बाहेर आल्यावर तिला आप्पांची आठवण झाली. ती तशीच त्यांच्या घरी गेली, मीही मागोमाग. आप्पा तिकीट हातात घेऊन ओट्यावर सुतकी चेहऱ्यानं बसले होते. आत्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आप्पा, उद्या तुम्ही गावात दिसायचं न्हाई."

"वहिनी, मी माझ्याच गावात लपून बसू व्हय?"

"लपू नका. शिरूरला लेकीकडं जावा. संध्याकाळी या, आन् सामना बघून आलाय असं सांगा. थोडंच सांगा. कुणाचं नाव घेऊ नका. नुसतं म्हणा, झुंज चाललीय."

"आन् निकाल?"

"निकालाचं सोमवारी बघू. बरोबरी झाली म्हणते." मग स्वतःशीच म्हणाली, "ज्या बरोबरीला मी हसत होते, तीच आता मला पाहिजे झालीय."

रविवारी सकाळी तिनं सामना नसलेल्या मैदानावरचा खेळ मामांना सांगितला. मी दाराआड ऐकत होतो. ऊन, धूळ, उंटाचा दुखरा पाय, पंचाची टोपी. इतकं खरं वाटत होतं की मला मोबाइल उघडून बघावंसं वाटलं. मामा ऐकत होते. बोट मात्र वाजलं नाही. आत्याच्या ते लक्षात आलं. बाहेर येऊन म्हणाली, "आज त्यांना बरं दिसत न्हाई."

संध्याकाळी पोपटआप्पा आले. डोक्यावर नवी टोपी, कपाळाला घाम. शिरूरहून एसटीनं आले होते, पण चालण्यात मैदानावरून आल्याचा रुबाब. खुर्चीत बसले आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, "झुंज चाललीय, बबनराव." एवढ्यावर थांबले असते तर भागलं असतं. पण मामा त्यांच्याकडं टक लावून बघत होते, आणि समोर ऐकणारा माणूस असला की आप्पांना राहवत नसे. त्यांनी स्टँड सांगितला, गर्दी सांगितली, शेजारी बसलेला कोल्हापूरचा माणूस सांगितला. आत्या चहा देताना दोनदा खाकरली. आप्पा रंगात आले होते. हात उंचावून म्हणाले, "आन् आपल्या बारक्यानं एक फटका मारला! काय तो फटका! चेंडू डोळ्यासमोरनं सीमेपार!"

मामांचा डावा हात उचलला गेला. तोंड हलायला लागलं. आवाज आधी घशातच घरघरला आणि मग एकेक शब्द सुटा सुटा बाहेर आला.

"तो... आउट... झालाय."

आप्पांचा हात तसाच वर. आत्याच्या हातातली बशी खाली पडली. खोटं उघडं पडलं हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. ती मामांच्या खाटेपाशी धावली. "काय म्हणालात? अवो, काय म्हणालात? परत म्हणा!"

मामा चिडले होते. त्यांनी परत म्हटलं. "आउट झालाय. का...ल."

आत्या खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामा तिच्याकडं बघत राहिले. ती शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "हरलो?"

आत्यानं डोळे पुसले. "व्हय. कालच. तीन दिसांत. म्या खोटं बोलले तुमच्याशी."

मामांनी छताकडं बघितलं. मला भीती वाटली, आप्पांनाही वाटली असावी. ते खुर्चीतून अर्धवट उठले. मग मामा म्हणाले, "बोलिंग?"

"लई चांगली टाकली पाव्हण्यांनी," आत्या म्हणाली. "आपल्याला समजलीच न्हाई."

मामांनी मान हलवली आणि चहाकडं बोट केलं. बशी फुटली होती, म्हणून आत्यानं त्यांना कपानंच पाजला.

दुसऱ्या दिवशी रानात जाताना ती मला म्हणाली, "हरायची त्यांना भीती न्हवती रे. भीती मला होती. इतकी वर्सं हरणं बघत आलेला माणूस तो, एका सामन्यानं काय व्हणार हुतं त्याला?" त्यानंतर ती कधीही मामांशी खोटं बोलली नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट वाईट आला तेव्हाही तिनं तो त्यांना सांगितला, तसाच, सावकाश, पायथ्याशी बसून.

मामा त्यानंतर काही वर्षं जगले. काठी घेऊन अंगणात फिरू लागले, तुटक का होईना बोलू लागले. सामना चालू असला की दोघांची भांडणं व्हायची. आत्या सांगायची आणि मामा चुका काढायचे. पोपटआप्पा आले की मामा त्यांना विचारायचे, "कुठला सामना... बघून आलात?" आणि आप्पा कान धरायचे. एका उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले.

संतोष आत्याला पुण्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. रान वाट्यानं दिलं. मी तोवर लग्न करून दौंडला परतलो होतो आणि कुरकुंभच्या एका कंपनीत लागलो होतो. आत्याला फोन व्हायचा, पण क्रिकेटचा विषय मी काढत नसे. थंडीत नवी मालिका सुरू झाली तेव्हाही नाही काढला. दोन सामने तसेच गेले.

तिसऱ्या सामन्यात, मी कॅन्टीनबाहेर चारचा चहा घेऊन बसलो होतो, तेव्हा तिचाच फोन आला.

"सामना चालू हाय न्हवं?"

"हाय. तुझ्यासमोर टीव्ही असंल की."

"हाय. भिंतीएवढा हाय. पण त्यात नुसती घाई. तू सांग."

मी धावा सांगितल्या, गडी सांगितले.

"आकडं नको. आकडं हितं खाली लिहून येत्यात. काय चाललंय ते सांग."

मी मोबाइलवर सामना लावला. आवाज बंद केला आणि कानातल्या वायरीतून तिच्याशी बोलायला लागलो. "पाव्हण्यांचा एक नवा पोरगा टाकतोय, आत्या. पहिलाच सामना हाय त्याचा. हात पँटला पुसतोय सारखा."

"घाबरलाय?"

"घाबरलाय. कप्तान त्याच्याजवळ आलाय. खांद्यावर हात टाकलाय. आता परत मागं गेला. ऊन उतरलंय, त्याची सावली पार खेळपट्टीच्या पलीकडं गेलीय. पळत निघालाय आता..."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी थांबलो.

"थांबलास कशाला?" आत्या म्हणाली. "ओव्हर कुठं संपलीय अजून?"