आठ नंबरचा दुर्जन

तळपाह्यांचं दुकान रस्त्याच्या पातळीखाली होतं. पाच पायऱ्या उतरून जावं लागे आणि आत बसलं की समोरच्या खिडकीतून दिसत ते फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय. घोट्याच्या वर जग म्हणून काही नाहीच. अशा जागी एखादा माणूस पस्तीस वर्षं बूट शिवत बसला, तर तो एक तर नम्र होतो, नाही तर शहाणा. आमचे तळपाहे नम्र झाले नाहीत.

त्यांचं खरं आडनाव चर्चच्या वहीत होतं, बाकी कुठे नव्हतं. तोंडावर लोक त्यांना मास्तर म्हणत आणि पाठ फिरली की तळपाहे. कारण कुणीही बूट दुरुस्तीला आणला की ते आधी उलटा करत. वरच्या बाजूकडे बघतसुद्धा नसत. "वर काय, पॉलिश असतं," ते म्हणत, "ढोंग सगळं तिथेच. तळ मात्र खोटं बोलत नाही."

एवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण दर रविवारी उपासना आटोपली की मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा बायबलचा वर्ग ते घेत आणि तिथे नीतिसूत्रांचा सहावा अध्याय त्यांच्या हाताला लागला. त्या अध्यायात देवाला वीट आणणाऱ्या सात गोष्टींची यादी आहे, तिच्यात वाइटाकडे धाव घेणारे पाय येतात. त्याच्या जरा वर दुर्जनाचं वर्णन आहे, तो डोळे मिचकावतो, पायांनी खुणा करतो, बोटं दाखवतो. बाकीच्यांना त्यात उपदेश दिसला. तळपाह्यांना आपला धंदा दिसला.

झालं. सुतावरून स्वर्ग गाठायला एवढं सूत पुष्कळ होतं. टाच आतून झिजली की माणूस लोभी, बाहेरून झिजली की गर्विष्ठ, चवडा झिजला की चोरून बघणारा, आणि दोन्ही पाय वेगवेगळे झिजले असतील तर परमेश्वरच राखो. यावर ते तासभर बोलत. शिवाय न्याय चोख असावा म्हणून त्यांनी एक नियमही केला होता. बुटाला लावलेली नावाची चिठ्ठी तळ वाचून होईपर्यंत बघायची नाही. "आधी पाप, मग नाव," असं ते अभिमानाने सांगत.

पापं त्यांना भरपूर सापडली. कोपऱ्यावर दोघा भावांचा छापखाना होता. धाकट्याची टाच आतून झिजलेली बघून तळपाह्यांनी थोरल्याच्या कानाला लागून सांगितलं, जरा लक्ष ठेव बाबा. धाकट्याचा गुडघा लहानपणापासून अधू होता हे थोरल्यालाही ठाऊक होतं. पण शंकेला गुडघा दिसत नाही. वर्षभरात छापखान्याच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. तेव्हापासून लोकांना पत्रिका एकाकडे छापून घ्याव्या लागत आणि पाकिटं दुसऱ्याकडे. "बघा, लोभ होताच," तळपाहे म्हणाले.

त्यांना एकच लेक होती, आणि खरं दुखणं तिथे होतं. ती दुकानातच काम करायची. बूट घेणं, चिठ्ठ्या लावणं, रंग देणं, पॉलिश करणं हे सगळं तिच्याकडे. तेहतीस वर्षांची झाली होती आणि तोपर्यंत तिला आलेली तीन स्थळं तळपाह्यांनी तळ बघून परत पाठवली होती. तिसरा शाळामास्तर होता, बुटका, सरळमार्गी. त्याचा चवडा झिजला होता. बिचारा रोज टाचा उचलून फळ्याच्या वरच्या टोकाला लिहायचा, पण ते तळावर कुठे लिहिलेलं असतं? त्यानंतर लेकीने तीन दिवस जेवताना बापाकडे बघितलं नाही. तळपाह्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते खाली बघून जेवत.

आता चौथा होता पाववाला. पलीकडच्या गल्लीत भट्टी चालवायचा, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून अर्ध्या प्रवचनाला डुलक्या काढायचा, कारण पहाटे तीनला उठलेला असायचा. पस्तिशीचा, विधुर, बोलायला हळू. लेकीला तो आवडला होता, आणि या वेळी तिने ते आईला सरळ सांगितलं. आई म्हणाली, "मला आवडून काय उपयोग? परवानगी वरून नाही, तळाकडून यायची आहे."

लेकीनेच मग बापापुढे अट ठेवली. "बाबा, हे शेवटचं. येत्या रविवारी दुपारी त्याचे बूट मी तुमच्यापुढे ठेवते. पाळकसाहेबांना बोलवा, त्याला बोलवा. जे वाचाल ते त्याच्या तोंडावर वाचायचं. तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन आणि पुन्हा लग्नाचा विषय या घरात काढणार नाही."

"तोंडावर?" तळपाहे म्हणाले. त्यांना कल्पना फारच आवडली. आजवर त्यांनी पाप्यांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, पण पाप्याला असं समोर बसवून कधी सांगितलं नव्हतं.

इथे दुकानातली एक रीत सांगायला हवी. नवे बूट चावतात ही सगळ्यांचीच रड. तळपाह्यांचा पाय होता आठ नंबरचा, म्हणजे वस्तीतल्या निम्म्या पुरुषांचा. त्यामुळे आठ नंबरचा नवा जोड चावतो म्हणून कुणी आणला की तो दाराजवळच्या खुंटीवर जायचा आणि गिऱ्हाईक येईपर्यंत तळपाहे तोच घालून हिंडायचे. आठ-पंधरा दिवसांत कातडं मऊ पडायचं. लोक दुवा द्यायचे. सकाळी खुंटीवर जे असेल ते पायात सरकवायचं, कुणाचं आहे हे विचारायचं नाही, ही त्यांची सवय. बूट वरून कसा आहे हे बघणं तर त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हतं.

गेले तीन महिने खुंटीवर एकच तपकिरी जोड होता. त्याचा मालक काही न्यायला येत नव्हता आणि जोड पायाला बरा लागत होता, म्हणून तळपाह्यांनीही चौकशी केली नाही. बाजारात तोच, चर्चमध्ये तोच, आणि संध्याकाळी पाववाल्याच्या भट्टीसमोर उभं राहून त्याच्याकडे कोण येतं-जातं ते बघायलाही तोच. शुक्रवारी सकाळी खुंटी रिकामी दिसली. "नेला का त्याने?" त्यांनी विचारलं. "जायचा होता तिथे गेला," लेक म्हणाली. तळपाह्यांनी आपले जुने बूट पायात सरकवले आणि ते कामाला लागले.

रविवारी दुपारी दुकानातच बैठक भरली. पाळकांना गिऱ्हाइकाची खुर्ची दिली, बायको शिलाईच्या यंत्राजवळच्या स्टुलावर टेकली, पाववाला पायरीवर बसला. त्याच्या पायात कॅनव्हासच्या चपला होत्या, पिठाने पांढऱ्या झालेल्या. लेकीने एक काळाभोर जोड आणून मेजावर पालथा ठेवला.

तळपाह्यांनी चष्मा पुसला, उगाचच खाकरले आणि डावा बूट उचलला. तळावर नजर पडताच त्यांचा चेहरा उजळला. अहो, काय तळ होता तो. असा भरगच्च तळ त्यांच्या हाताला क्वचितच आला असेल.

"वाईट वाटतं सांगायला," त्यांनी अगदी आनंदाने सुरुवात केली. "हा चवडा बघा, पाळकसाहेब. पुढून पार खलास. हा माणूस सदा चवड्यावर उभा. का? तर लोकांच्या खिडकीतून डोकवायला. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, त्यातला."

"बरं," पाळक म्हणाले.

"टाच. बाहेरच्या कडेने झिजलीय. अहंकार. हा मान वर करून चालतो, स्वतःला चार लोकांपेक्षा शहाणा समजतो. आणि इथे, हे अर्धवर्तुळ दिसतंय? चालता चालता हा गर्रकन मागे वळतो. एकदा नाही, शंभरदा. कोण कुठे गेलं, कुणाच्या दारात शिरलं, सगळी बातमी याला हवी."

पाववाला मान खाली घालून ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. बायकोने मात्र तो तळ बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं तळपाह्यांना वाटलं, आणि त्यांना आणखी जोर चढला.

"आता हे ऐका." त्यांनी चिमट्याने तळाच्या खाचेतून काहीतरी टोकरून काढलं. एक बारीक पितळी खिळा होता, आणि त्याला शिलाईच्या दोऱ्याचं काळं मेण चिकटलेलं. "हा खिळा माझा आहे. हे मेणही माझंच. याचा अर्थ काय? मी नसताना हा इथे येतो. माझ्या दुकानात, माझ्या पाठीमागे. आणि ही लाल माती भट्टीच्या समोरच्या फुटपाथवरची. तिथे हा तासन्‌तास नुसता उभा असतो. ज्याला कामधंदा आहे तो असा उभा राहील? वाइटाकडे धाव घेणारे पाय म्हणतात ते हेच. अशा माणसाला मी माझी मुलगी देणार नाही. माझं वाचन संपलं."

त्यांनी बूट मेजावर ठेवला. मग लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, चिठ्ठी बघा आता. आधी पाप झालं."

चिठ्ठी तिच्या हातात होती. तळपाह्यांनी घेतली आणि वाचली. पाववाल्याचं नाव होतं, तारीख तीन महिन्यांपूर्वीची, आणि खाली लेकीच्या अक्षरात एक ओळ: नवा जोड, आठ नंबर, चावतो, खुंटीवर.

"खुंटीवर?" तळपाहे म्हणाले.

"पेटीतून काढून सरळ इथे आणला होता त्यांनी," ती म्हणाली. "दुकानाबाहेर एक पाऊलही चालले नाहीत ते यात. तपकिरी होता. मी परवा काळा रंग दिला."

तळपाह्यांनी बुटाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच त्यांनी तो सुलटा केला. जिथे आपल्या अंगठ्याजवळच्या हाडाने कातडं फुगवलं होतं तो उंचवटा त्यांना रंगाखालूनही ओळखू आला. खिडकीतून फक्त पाय दिसतात, म्हणून माणसाचा चेहरा बघायचा तर चवड्यावर उभं राहावं लागतं. दिवसातून किती वेळा ते उभे राहत, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

"अहो, मला तर बघताक्षणीच कळलं," बायको म्हणाली. ती हसत होती हे आता सगळ्यांना दिसलं. "पस्तीस वर्षं तीच टाच दारातून आत येताना बघतेय मी."

पाळकांना बोलायची हौस नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, ती सात गोष्टींची यादी सुरू कशाने होते हो?"

तळपाह्यांना सगळा अध्याय तोंडपाठ होता. "गर्विष्ठ डोळ्यांनी," ते पुटपुटले.

"आणि संपते?"

तळपाह्यांनी हातातला बूट खाली ठेवला. "भावाभावांत भांडण लावणाऱ्यावर."

वर्गात ते नेहमी मधूनच, पायांपासून सुरुवात करायचे. दोन्ही टोकांना आपणच उभे आहोत हे त्यांना आज दिसलं आणि त्यांना लाज वाटली. साधीसुधी नाही, कानामागे घाम फुटेल अशी. शाळामास्तर आठवला. जेवताना आपल्याकडे न बघणारी लेक आठवली, आणि ते तीन दिवस तेव्हा आपल्याला दिसलेच कसे नाहीत याचं त्यांना नवल वाटलं. मेजापलीकडे ती उभी होती. हात घट्ट बांधलेले होते आणि ओठ पांढरे पडले होते. डाव जिंकलेल्या माणसासारखी ती मुळीच दिसत नव्हती. बाप आता काय म्हणतो, याची ती वाट बघत होती.

"मी नाही म्हणालो होतो," तळपाहे हळूच म्हणाले, "ते या बुटांतल्या माणसाला. त्याला खरंच कुणी मुलगी देऊ नये. पण हा तो नव्हे." आणि ते पाववाल्याकडे वळले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थकलेलं, चांगलं तोंड होतं. "तुला चालेल का रे असला सासरा?"

पाववाला उठला. त्याने चपला काढल्या, पायाचं पीठ झटकलं आणि ते काळे बूट घातले. दुकानात दोन फेऱ्या मारल्या. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते.

"चावत नाहीत आता," तो त्याच्या हळू आवाजात म्हणाला. "फक्त चालताना जरा दुसऱ्यांच्या दाराकडे ओढतात."

लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. तळपाह्यांनाही हसू आलं, पण ते त्यांच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

सोमवारी त्यांनी त्या जोडाला नवे तळ लावले. जुने कापून काढले, तेव्हा लेक ते टोपलीत टाकायला निघाली.

"राहू दे," तळपाहे म्हणाले. "आयुष्यात एवढाच एक तळ मी बरोबर वाचलाय."

त्यांनी दोन्ही तळ वर्तमानपत्रात गुंडाळले, बगलेत धरले आणि पाच पायऱ्या चढून गेले. बायको शिवता शिवता खिडकीकडे बघत होती. रस्त्यावर ते जुने बूट आले, थबकले, पुन्हा परत फिरल्यासारखे झाले. मग छापखान्याच्या बाजूला वळले.