परत म्हणून दाखवणारे साडू

निरोप पोचवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण आलेला निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय तो आलाच नाही असं मानणारी व्यक्ती मी एकच पाहिली, माझे साडू. आधी फौजेत निरोप पोचवणाऱ्या सिग्नल तुकडीत होते. सत्तरच्या दशकात कुंडलच्या टेलिफोन एक्स्चेंजात नंबर जोडायच्या बोर्डावर बसत. बाहेरगावची लाइन एकच, तीही सांगलीमार्गे. बोलायला मात्र अख्खं गाव. तिथली शिस्त त्यांनी घरालाही लावली होती. मेहुणी म्हणायची, "मीठ संपलंय." हे म्हणायचे, "मीठ संपलंय. बरोबर?" तिनं "व्हय ओ, बरोबर!" म्हटल्याशिवाय पिशवीला हात लावत नसत. एकदा दोघी बहिणी एकदम बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला हात दाखवला. "आक्का, लाइन येकच हाय. तुमचा नंबर लावलाय, थांबा." आणि ती थांबली! मी हिशेबी माणूस. एक वाक्य दोनदा बोलायची उधळपट्टी मला बघवत नसे, पण त्या दिवशी मी ती माफ केली.

त्यांची मुलगी सातारच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती, त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन एक्स्चेंजात गेलो. एक गूळव्यापारी नंबर लावून फोनची वाट बघत बसला होता. साडू कानाला लावलेल्या फोनवर सांगलीच्या एक्स्चेंजला म्हणत होते, "सातारा? आमचं जावई? ऱ्हाऊ द्या. गूळवाल्यांचा नंबर आदी हाय, त्यो द्या."

"अण्णा, अहो आधी सातारा घ्या!" मी म्हटलं.

"पाव्हणं, नंबर म्हंजे नंबर."

व्यापाऱ्यानं गुळाचा दर विचारला, पावसाचं विचारलं, मग कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी सुरू केली. साडूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. व्यापारी फोनच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, तसा तो साडूंवरच उखडला. "आरं गड्या, पोरगी अडलीया आन् मी हितं गुडघं इचारतोय व्हय! हाताला धरून भायेर काढायचं की मला!"

मग सातारा लागला. साडूंनी ऐकलं आणि रोजच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "मुलगी झाली. दोघी सुखरूप. बरोबर?" पुन्हा तेच म्हणाले. मग पुन्हा. पलीकडे जावई घसा फोडून ओरडत असावेत. मग डब्याला हात न लावता त्यांनी पुढचा नंबर जोडायला घेतला.

चहा पिताना मी विचारलं, "इतक्यांदा कशाला?"

"मला जे पायजे हुतं, त्येच कानात आलं, पाव्हणं. मग खात्री नगं?"

पुढे आपोआप लागणारे फोन आले आणि तो बोर्ड गेला. मेहुणीही गेली. परवा साडूंचा फोन आला. "मी बरा हाय," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही बरे आहात. बरोबर?"

पलीकडून हळूच आलं, "बरोबर."