माप चालताना घ्यायचं

काठी मागायला कोणी आलं की आमचे बा आधी एकच विचारायचे, "कुठं चालायचं?" तो माणूस म्हणायचा, काठी द्या ना, मी कुठं का चालेना. मग बा त्याला ओट्यावर बसवून ठेवायचे. उत्तर मिळाल्याशिवाय कोयत्याला हात लावायचे नाहीत.

आमचा पाडा पेठच्याही पलीकडे. घरामागे बांबूचं बेट होतं, त्यातला काही बांबू भरीव निघायचा. भात आणि नागली हीच शेती. काठ्या हा काही बांचा धंदा नव्हता. कोणी बदल्यात शेंगा आणून द्यायचं, कोणी मिठाची पिशवी. पण लोक लांबून यायचे, कारण बांची काठी हाताला बसायची.

मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून ऐकलेलं सगळं अजून माझ्या लक्षात आहे. शेताच्या बांधावरून जाणाऱ्याला हलकी काठी द्यायची, कमरेएवढी. नदी ओलांडायची असेल तर डोक्याएवढी, कारण पाण्याचा तळ पायाच्या आधी काठीने बघायचा असतो. डोक्यावर ओझं घेऊन घाट उतरणाऱ्याला छातीएवढी, कारण उतारावर काठी आपल्यापेक्षा खाली टेकते. गुरं वळणाऱ्याला बांबू द्यायचा नाही, धामणीच्या झाडाची काठी द्यायची. ती लवते पण मोडत नाही. मातीच्या वाटेला काठीच्या बुडाशी लोखंडाची टोपी घालायची, तिला शेंबी म्हणतात. दगडी पायऱ्यांवर शेंबी घसरते, तिथे रबर पाहिजे. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, नाहीतर भुंगा लागतो.

माप घ्यायची त्यांची पद्धत वेगळी होती. माणसाला उभं करून ते कधी माप घेत नसत. त्याला म्हणायचे, "जा, तेवढा तांब्या भरून आण." तो पाणी आणायला जायचा, परत यायचा आणि बा नुसते बघत राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "माप घेतो म्हटलं का माणूस ताठ होतं. लग्नाला उभं राहिल्यासारखं. पण चालताना कोणी तसं चालत नाय."

चौथीपर्यंत शाळा पाड्यावर होती. पाचवीला नदीपलीकडे जावं लागायचं, म्हणून माझी शाळा संपली. पुढे लग्न होऊन मी नाशकात इंदिरानगरला आले. हे अंबडला कारखान्यात होते. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गॅलरी. गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. पहिल्या वर्षी मी तो रोज बघायचे आणि कुठून चढता येईल ते मनात ठरवायचे. पुढे ते सोडून दिलं.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण त्यांना मी नजरेसमोर लागायचे. भाजी आणायला गेले तरी परत आल्यावर विचारायच्या, कोण भेटलं, काय बोललीस. मला मुळात कोणाशी बोलता येत नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नसायचं. ते त्यांना खरं वाटायचं नाही.

खालच्या मजल्यांवरच्या चार बायका रोज सकाळी फिरायला पांडवलेणीला जायच्या. एकदा त्यातली एक जिन्यात गुडघा धरून बसली होती. तिच्या हातात बाजारातली जाड काठी होती, बुडाला शेंबी. मला राहवलं नाही. म्हटलं, "पायऱ्यांना ही नाही चालायची. रबर लावा. आणि चार बोटं कमी करा." इतकं बोलून मी पळत वर आले. आठ दिवसांनी चौघीही दारात.

"वहिनी, आमच्या काठ्या बघा ना जरा."

"हिला तर काठी नको, उचलून न्यायला माणूस पाहिजे."

"तू गप. वहिनी, आम्हाला वणीच्या गडाला पायी जायचंय. रस्ता लांबचा आणि वर पायऱ्या. कोणती घेऊ?"

मी म्हटलं, त्याला एक काठी पुरणार नाही. डांबरी रस्त्याला हलकी आणि थोडी उंच, पायऱ्यांना आखूड. किंवा मधली घ्या आणि पायऱ्यांवर धरायला खाली दुसरी मूठ बांधून घ्या. त्या वर्षी माझा भाऊ द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे आला होता. त्याने येताना बांकडून चार काठ्या आणल्या. मी त्यांना सुतळीच्या मुठी बांधून दिल्या. पुढे त्यांनी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केली, तेव्हाही काठ्या मीच निवडून दिल्या. चिखल असतो म्हणून शेंबीच्या.

परत आल्यावर त्यांनी प्रसाद आणून दिला. एक म्हणाली, "वहिनी, तुम्ही कधी चालत नाही आणि तुम्हाला इतकं कळतं कसं?"

ती सहज बोलली. पण मी दिवसभर भांडी घासताना तेच घासत होते.

मग सासूबाई न्हाणीत पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागा. तीन महिने झाले, वर्ष झालं, त्या चालल्या नाहीत. न्हाणीपर्यंत जायच्या त्या माझ्या खांद्यावर हात टाकून, आणि परत कॉटवर. मी खाली गेले आणि उशीर झाला की तांब्या कॉटच्या दांडीवर वाजवायच्या. तो आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. मी भाजीवाल्यासमोर उभी असायचे आणि तो तांब्या माझ्या कानात वाजायचा, वर वाजत नसला तरी.

ह्यांनी औषधाच्या दुकानातून पांढरी पत्र्याची काठी आणली, बटण दाबून उंची कमी-जास्त होणारी. सासूबाईंनी ती कॉटखाली सारली. "दवाखान्यातली दिसते मी हिच्यानं."

त्याच सुमारास भाऊ आला होता. जाताना दारात थांबून म्हणाला, "अक्का, बांचे डोळे जाऊ लागले. डॉक्टर म्हणतो, आतली शीर सुकतेय, परत नाय यायची. काठी आता हातानं चाचपून कापतात. अजून माणूस दिसतो त्यांना. पुढच्या साली सांगता येत नाय. तू एकदा येऊन जा."

मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "आईचं बघून ठरवू." आईचं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आई चालली तर मी जाणार. हे पाळीवर, मुलगी शाळेत. दुसरं कोण बघणार?

म्हणून मी ठरवलं, सासूबाईंना काठी बांचीच द्यायची. त्यांना दाराची चौकट धरून उभं केलं आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत सुतळी धरून गाठ मारली. माप घेते म्हटल्यावर त्या चांगल्या ताठ उभ्या राहिल्या. मान वर, खांदे मागे. मला बांचं बोलणं तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी काय करणार होते? त्या चालतच नव्हत्या, चालताना बघणार कशा?

सुतळी भावाबरोबर गेली आणि महिन्याभराने काठी आली. शेकून सरळ केलेली, वर बांबूच्या गाठीचीच मूठ, बुडाला सायकलच्या टायरचं रबर. सोबत निरोप, दोऱ्यावरून कापली आहे, पण बाई चालते कशी ते कोणी कळवलं नाही.

सासूबाईंनी काठी हातात घेतली, एकदा टेकवली आणि म्हणाल्या, "उंच आहे. मला नाही जमायची." उशाशी उभी करून ठेवली. मला वाटलं, हे आणखी एक निमित्त.

दोन-तीन आठवडे गेले. फरशी पुसताना मला लहान लहान काळे ठिपके दिसू लागले. कॉटपासून निघायचे आणि गॅलरीच्या दारापर्यंत जायचे. मी ते पुसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा असायचे. मला वाटलं, मुलीच्या बुटांचे असतील. एका दुपारी मी काठी हातात घेऊन उलटी केली. रबर एका अंगाने झिजलेलं होतं. डाव्या कडेने जास्त, जसं डाव्या पायावर भार टाकणाऱ्या माणसाचं झिजतं. मी काठी होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काय करायला आले होते ते आठवेना.

पुढच्याच आठवड्यात मी रेशन आणायला गेले तर दुकानाला कुलूप. लगेच परत फिरले. आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं लावलेलं. किल्ली काढायच्या आधी मी जाळीतून बघितलं.

सासूबाई चालत होत्या. हळू, पण नीट. पाठमोऱ्या, पुढे वाकलेल्या. गॅलरीपर्यंत गेल्या, कठड्याला पोट टेकवून खाली रस्त्याकडे बघत राहिल्या. माझी वाट बघत होत्या, मी येताना दिसले की परत कॉटवर जायला. आज मी लवकर आले आणि त्यांच्या नजरेतून सुटले.

राग यायला हवा होता, आणि आलाही. वर्षाच्या वर मी त्यांना न्हाणीपर्यंत नेत होते. पण त्याआधी माझं लक्ष गेलं ते त्यांच्या हाताकडे. त्यांनी काठी मुठीवर धरली नव्हती, मुठीच्या खाली दोन बोटं धरली होती. वाकून चालणाऱ्या माणसाला ती तेवढीच उंच होत होती. काठी उंच आहे, हे त्या खरं बोलल्या होत्या.

मी एक जिना खाली उतरले आणि चपला वाजवत पुन्हा वर आले. दार उघडलं तेव्हा त्या कॉटवर होत्या, चादर गळ्यापर्यंत.

"इतका वेळ लागतो रेशनला?"

"दुकान बंद होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना झोप लागली तेव्हा ह्यांच्या पेटीतली करवत काढली. रबर काढलं, बुडाकडून दोन बोटं कापली, कानस मारली, रबर परत बसवलं. कापलेला तुकडा चहाच्या डब्यामागे ठेवला. असं का केलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तोंड उघडून बोलायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि अशी खाली धरलेली काठी कधीतरी हातातून सुटते, हेही मला माहीत होतं.

चहाच्या वेळी मी कप घेऊन गेले तेव्हा सासूबाई काठी समोर धरून बसल्या होत्या.

"कोणी कापली?"

"मी."

"का?"

"दोन बोटं जास्त होती."

त्यांनी काठी फरशीवर टेकवून बघितली. कप माझ्या हातातच होता.

"मी उंच आहे म्हटलं होतं तुला."

"हो."

"मग तेव्हाच का नाही कापलीस?"

"तुम्हाला चालताना बघितलं नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. मूठ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू एकदा पेठला गेलीस की तिकडची होशील असं वाटतं मला. तिकडं तुझे डोंगर आहेत, माणसं आहेत. इथं काय आहे तुला? एक म्हातारी."

तसं काही नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. चहा खाली ठेवला, त्यावर साय आली होती.

"पेठची गाडी कितीला असते?" त्यांनी विचारलं.

"सकाळी आहे. सातला."

"दोन दिवस. दळण आणून ठेव जायच्या आधी."

मी गेले. बा ओट्यावर बसले होते. मी अंगणात आले तशी त्यांनी मान एका बाजूला केली, कडेने दिसायचं त्यांना. "आलीस," म्हणाले. आणि पुढे, "जा, तेवढा तांब्या भरून आण."

मला हसू आलं. रांजणापाशी गेले, परत आले. ते डोळे बारीक करून बघत होते.

"भिंतीला धरून चालल्यासारखी चालतेस तू. इथं भिंत कुठंय?"

मी तांब्या त्यांच्या हातात दिला.

"काठी कापतो तुला. कुठं चालायचं?"

कॉटपासून न्हाणी, न्हाणीपासून चूल, असं काय सांगणार? म्हटलं, "बा, मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

त्यांनी मजला कधी बघितला नव्हता. थोडा विचार केला. "म्हणजे उंचावर. मग उतरायला लांब लागेल," म्हणाले आणि छातीएवढी काठी कापली, हाताने गाठी मोजत. शेंबी बसवली. मी ती गाडीत दोन पायांमध्ये धरून आणली. लोक बघत होते, मला लाज वाटत होती.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले, दोन-दोनच दिवस. दुसऱ्या वेळी बांनी मला पावलांवरून ओळखलं, दिसलं नाही.

सासूबाई आता उघड चालतात, गॅलरीपर्यंत आणि कधी जिन्याच्या तोंडापर्यंत. त्यांच्या काठीचं रबर दोनदा बदललं. मी खाली गेले की अजूनही त्या कठड्याशी उभ्या असतात आणि मी पिशवी घेऊन वर बघते तेव्हा हात करत नाहीत, नुसत्या बघतात. चौघी बायका अजून लेणीला जातात. मलाही चला म्हणायच्या, आता म्हणत नाहीत.

माझी काठी दाराआड उभी आहे. परवा सासूबाई तिथून जाताना थांबल्या. काठी उचलून उलटी केली, शेंबीवर अंगठा फिरवला. ती नवी होती तशीच चकचकीत होती.

"हे बूड कोरंच आहे की गं."

"हो."

त्यांनी काठी सरळ करून स्वतःशेजारी उभी धरली, तिच्या वरच्या टोकाकडे बघितलं. काही बोलतील असं वाटलं.

"मला उंच होईल ही," म्हणाल्या आणि होती तिथे ठेवली.