त्याचा आवाज माझ्या फोनात

चामोर्शीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात मी नर्स आहे. अकरा वर्षं झाली. गावातल्या आणि भोवतालच्या टोल्या-वाड्यांवरच्या बायकांना माझा नंबर तोंडपाठ आहे. आधी त्या चालत यायच्या, पुढे घरोघरी मोबाईल आले तशा फोटो पाठवू लागल्या. रक्ताचा रिपोर्ट, गोळ्यांचं पाकीट, बाळाच्या अंगावरचं पुरळ, एखाद वेळी पाठीवर उठलेले वळ. खाली लिहिलेलं असायचं, 'बाई, कोणाले सांगू नोका.' मी कधी कोणाला सांगितलं नाही. फोनला सहा आकड्यांचं कुलूप होतं आणि ते माझ्या घरातही कोणाला माहीत नव्हतं. एवढं पुरे आहे असं मला वाटायचं.

धान कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. गावातला एक तरुण शेतकरी आठवडाभरापासून मला फोन करत होता. त्याच्या बायकोचा दोनदा गर्भ पडला होता आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. नवरा-बायको आणि मी, या तिघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्यानं मला एक आवाजी निरोप पाठवला, मग फोनही केला. मी म्हटलं, "ये, मी सातपर्यंत आहे." सातनंतरही थोडा वेळ वाट पाहिली. तो आला नाही. उद्या येईल असं समजून मी उपकेंद्राला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाल्यात सापडला. पोटरीवर जळाल्याची खूण होती. अशी खूण या भागात सगळ्यांना ओळखू येते. रानडुकरं धान खातात म्हणून काही जण बांधीभोवती, म्हणजे धानाच्या खाचराभोवती, तार ओढून त्यात करंट सोडतात. माणूस त्यात सापडला आणि मग कोणीतरी त्याला ओढत नाल्यापर्यंत नेलं, हे उघड होतं. पण तार कुठेच नव्हती. नाल्याकडेच्या सगळ्या शेतकऱ्यांनी हात वर केले.

तिसऱ्या दिवशी फौजदार उपकेंद्रात आले. लातूरकडचे, वर्षभरापूर्वी इकडे बदलून आलेले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, त्याचा शेवटचा कॉल तुम्हाला आहे. कशासाठी?"

"औषधाबद्दल."

"कसलं औषध? आठवड्यात नऊ कॉल आहेत."

दारात दोन बायका लस टोचून घ्यायला लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं.

फौजदार आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचा फोन खिशातच सापडला. ओला होता, वाळवल्यावर चालू झाला, पण आकडे मागतो. बायकोला माहीत नाहीत. कंपनीला पत्र लिहिलं तर कोणाला कधी फोन केला एवढंच कळतं, निरोपात काय होतं ते त्यांनाही वाचता येत नाही. ते फक्त दोन ठिकाणी असतं, त्याच्या फोनात आणि तुमच्या."

"माझ्या फोनात दुसऱ्या बायकांचंही आहे, साहेब."

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कारण काय?"

लपवण्यासारखं होतं, पण त्यातलं माझं काहीच नव्हतं. मी लेखी नोटीस मागितली. ते उठले, म्हणाले, "उद्या मिळेल." जाताना त्यांचा चेहरा बदललेला होता.

ते गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन तो निरोप पुन्हा ऐकला. चाळीस सेकंदांचा होता. "बाई, गोळ्या संपल्या तिच्या. मी येऊन राह्यलो घ्याले. रस्त्यानं नाई येत, सगळे विचारतात कुठी चालला म्हणून. नाल्यावरच्या बांधीतून येतो." मग त्यानं बांधीच्या मालकाचं नाव घेतलं होतं. "तो तार लावते तिथी, पण अंधार पडल्यावरच करंट सोडते म्हणे. अन् बाई, घरी कोणाले सांगू नोका अजून. तीन महिने होऊ द्या."

एकाच निरोपात दोन्ही होतं. ज्याचं नाव पोलिसांना हवं होतं ते, आणि जे सांगायचा मला हक्क नव्हता तेही. शिवाय ते गुपित राखायलाच तो आडवाटेनं आला होता. या विचारानं मला एका जागी बसवेना. मी औषधांचं कपाट आवरायला काढलं, अर्धवट सोडलं, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

चंद्रपूरला माझी शाळेपासूनची एक मैत्रीण वकील आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "तू साक्षीदार आहेस, आरोपी नाहीस. फोन घेतला तर पंचनामा आणि पावती घे. आणि हे बघ, त्यातलं काहीही पुसू नकोस. एक फोटोसुद्धा नाही."

"एका शाळेतल्या मुलीचा रिपोर्ट आहे त्यात. तिच्या आईनं पाठवलेला."

"तरी नाही. पुसलंस तर तूच अडकशील."

फोन ठेवल्यावर मी तो रिपोर्ट उघडला. बोट पुसण्याच्या खुणेवर नेलं, काढलं, पुन्हा नेलं. मग फोन उशीखाली ठेवून दिला.

सकाळी नोटीस यायच्या आधी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. हातात बीपीचं मशीन, म्हणजे कोणी विचारायला नको. घरात माणसं भरलेली. त्याच्या बायकोला घेऊन मी मागच्या अंगणात गेले. तिथे कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं होतं, त्याच्या आडोशाला बसलो. ती तेवीस-चोवीसची असेल. तीन दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

ती आपणहून बोलली. "बाई, दवाखान्यात पोलिसाइनं त्याचा अंगठा लावून पाह्यला फोनवर. मेलेल्या माणसाचा. मी उभी होती तिथी. फोन नाई उघडला."

मी तिला निरोपाचं सांगितलं. माझ्याकडे आहे, त्यात कोणाचं नाव आहे, आणि अजून काय आहे. "पोलिसांना दिलं तर तुझंही कळेल. सासरी कळेल, गावात कळेल. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. मूल ठेवायचं की नाही हेही तू अजून ठरवलं नसशील. तू नाही म्हटलं तर मी..."

"ऐकवा मले."

मी आवाज बारीक करून फोन तिच्या कानाला लावला. ती खाली पाहत होती. संपल्यावर म्हणाली, "अजून एकदा." तीनदा ऐकलं. रडली नाही. पुंजण्यातली एक काडी ओढून ती बोटाला गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, "मायबाप म्हणते परत चल घरी. सासू म्हणते इथीच राह्य. कोणी मले विचारून नाई राह्यलं." जरा थांबून, "द्या बाई पोलिसाले. त्याले नाल्यात टाकणाऱ्याले सोडू नोका. पण दुपारपर्यंत थांबजा. सासूले मी सांगतो, माह्या तोंडानं. पोलिसाच्या तोंडून नाई कळाले पाहिजे."

मी दुपारपर्यंत थांबले. नोटीस घेऊन आलेल्या शिपायाला सांगितलं, लसीकरण संपवून स्वतः येते.

ठाण्यात मी निरोप ऐकवला तेव्हा फौजदारांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे कालच दिलं असतं तर?"

"काल ते द्यायचा मला हक्क नव्हता."

"आता पूर्ण फोन जमा करावा लागेल. नागपूरच्या प्रयोगशाळेत जाईल. एकच निरोप उचलून दिला तर कोर्टात टिकत नाही."

मी म्हटलं, "मग पंचनाम्यात लिहा, फक्त त्याचं-माझं बोलणं तपासायचं. बाकीचं उघडायचं नाही."

"असं कोणी लिहीत नाही, सिस्टर."

"तुमच्या घरच्या बाईंचा रिपोर्ट त्यात असता तर?"

मी हे चिडून बोलले होते, लगेच वाईट वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि ते वाक्य लिहिलं. मी सहा आकडे कागदावर लिहून दिले. पाकिटावर लाख लागताना पाहिली. बाहेर आले तेव्हा हात सारखा पर्सकडे जात होता.

बांधीच्या मालकाला त्याच संध्याकाळी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तार कुठे पुरली ते दाखवलं. म्हणाला, त्या दिवशी अंधार पडायच्या आधीच करंट सोडला होता, घरी जायची घाई होती. मी त्याच्या आईच्या साखरेच्या गोळ्या अनेक वर्षं देत होते. आता ती बाई माझ्याकडे येत नाही, चामोर्शीला जाते. खटला चालू आहे, माझी साक्ष व्हायची आहे.

गेलेल्या तरुणाच्या बायकोनं मूल ठेवलं. मुलगी झाली, वजन थोडं कमी होतं, आता बरी आहे. ती सासरीच राहिली. सासूशी तिचं काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फोन सात महिन्यांनी परत मिळाला. प्रयोगशाळेतल्या कोणी ते वाक्य वाचलं की नाही, बाकीचे फोटो उघडले की नाही, मला कधीच कळणार नाही. फौजदारांना विचारलं तर म्हणाले, "मी लिहून दिलं होतं, एवढंच माझ्या हातात होतं." त्यांची पुन्हा बदली झाली.

त्या शाळेतल्या मुलीच्या आईला मी जाऊन सांगितलं, तुझ्या मुलीचा रिपोर्ट त्या फोनात होता. तिनं विचारलं, "कोणी पाह्यला का, बाई?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती मान हलवत म्हणाली, "तुमी तरी काय करान." पण त्यानंतर तिनं मला फोटो पाठवला नाही. तिनंच काय, आता फार कमी जणी पाठवतात. काही पुन्हा चालत येऊ लागल्या आहेत. काही येतच नाहीत, आणि त्यांचं काय चाललं असेल ते मला त्यांच्या शेजारणींना विचारता येत नाही.

परवा एक गरोदर बाई आठ किलोमीटर चालत आली. रिपोर्टची घडी पदराच्या गाठीत बांधलेली. मी रागावले, म्हटलं, "इतक्या उन्हात? फोटो पाठवायचा ना." ती नुसती हसली आणि टेबलावर ठेवलेल्या माझ्या फोनकडे पाहिलं. मी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, मग तिनं गाठ सोडली.