दुखायचं थांबलं तेव्हा…

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळीच आमचे हे पोल्ट्रीवरून पोट धरून घरी आले. खरं सांगते, मी आधी हसले… साधा काटा टोचला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस!

पण मग ओकारी झाली. बेंबीजवळचं दुखणं हळूहळू उजवीकडे सरकलं. सासूबाई म्हणाल्या, पेचोटी सरकली, म्हणजे बेंबी जागेवरून हलली. आमच्या नवापूरला गुजरातची हवा… पोट दुखलं की आधी पेचोटी, डॉक्टर नंतर. आणि सासूबाईंचा हात तर गल्लीत नावाजलेला.

एरंडेलाची वाटी आली. त्या पोट चोळत होत्या आणि हे असे ओरडत होते की शेजारीण धावत आली. मी घाबरून यांचे पाय धरून बसले.

आणि एकदम ओरडणं थांबलं.

"आते काहीच दुखत नही. चहा ठेव," हे म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. शेजारीण सासूबाईंचं कौतुक करत घरी गेली.

चहा घेऊन आले तर हे गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडलेले… अंग तापलेलं, ओठ कोरडे. सासूबाईंनी पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"पोट दगडसारखं व्हई गयं, पोरी. मी आते हात लावाव नही… गाडी बलाव, दवाखानामा ली चाल!"

गाडी खड्ड्यात आदळली की मी यांच्याकडे बघायची. हे साधं कण्हतही नव्हते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती…

डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, पू पोटभर पसरलाय. दुखायचं एकदम थांबलं ना, तेव्हाच फुटलं असणार. चोळायला नको होतं. ऑपरेशन चालू होतं तोवर सासूबाई बाहेर बसून आपले तेलकट हात पदराला पुसत राहिल्या…

हे वाचले. काल कुणीतरी पेचोटी बसवायला आलं, तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "आधी दवाखाना, बाई."

आता टाके ओढतात म्हणून यांची दिवसभर कुरकुर चालते. मला तिचा काही त्रास नाही… हे जरा गप्प झाले की मात्र मी हातातलं काम टाकून धावत जाते.

देवा, यांची कुरकुर अशीच चालू राहू दे…