सुरगाण्याला दळलेली कविता

माझी नात केतकी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शाळेत बाई आहे. तिचा फोन आला, "आजी, शनिवारी आमच्या केंद्राचं बालकविसंमेलन आहे. गेल्या वर्षी माझ्या पोरांनी पुस्तकातली कविता स्वतःची म्हणून म्हटली. सगळे हसले. यंदा त्यांची स्वतःचीच हवी. तू ये."

"अगं, मला सही येत नाही, अंगठा येतो."

"ओव्या जुळवतेस ना? बस झालं."

निघाले. (हेही मी फोनवर सांगतेय, टाइप केतकी करतेय. चुका तिच्या.)

सायखेड्याहून सकाळची एसटी धरून नाशिक, तिथून वणीमार्गे सुरगाणा. माझ्या वयाला एसटी फुकट, पण खिडकी भांडूनच मिळते. वणी मागे पडली की द्राक्षबागा विरळ होतात आणि डोंगर अंगावर येतात. सुरगाण्याहून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही.

"आजी, जरा सरका, अजून दोघं बसतील."

"बसव की, मांडी रिकामीच आहे माझी!"

जाणार असाल तर पाणी आणि दम, दोन्ही बरोबर ठेवा. पाड्यावर हॉटेल नाही. केतकीच्या घरमालकिणीने नागलीची, म्हणजे नाचणीची, गरम भाकर आणि उडदाची आमटी वाढली. वणीतला वडापाव मी लगेच विसरले.

दुसऱ्या दिवशी त्याच घरचं जातं शाळेच्या ओट्यावर मांडलं. मी झोकात माझी ओवी म्हटली: भाऊ, बैलगाडी, चोळी, सगळं होतं तिच्यात. मग म्हटलं, "आता तुमची." सगळ्या वर्गाने माझीच ओवी एका सुरात परत म्हटली! तिसरीतला प्रवीण तर 'भाऊ मला चोळी घेतो' म्हणताना छाती फुगवून.

केतकीने कपाळाला हात लावला. "आजी, तू गप्प बस. तू बोललीस की ती तुझंच बोलतात."

पोरीचं खरं होतं. गप्प बसणं मला जड जातं, पण बसले. दोघांना जात्यावर समोरासमोर बसवून आमच्या दळणाचा नियम तेवढा सांगितला. एकाने मूठभर नागली टाकताना ओळ म्हणायची. ती मूठ दळून व्हायच्या आत समोरच्याने जोड द्यायची. विचार करत बसाल तर जातं रिकामं फिरेल.

बराच वेळ ते रिकामंच फिरलं. मग प्रवीणने मूठ टाकली:

"जातं फिरं गरागरा, पीठ सांडं भुरूभुरू"

समोरच्या यमुनेचे आई-बाप पिंपळगावकडे बागांच्या कामाला गेलेले. ती दात ओठ खात ओढत होती. म्हणाली:

"आई गेली द्राक्षांला, कोंबडी पुसं, काय करू?"

ओटाभर हशा. मागून चौथीतली सुमन ओरडली:

"अंडं घाल, गप ऱ्हा, मी शाळेतून येते,
आईचा फोन आला की तुझाबी निरोप देते!"

फळ्यावर उतरवून घेता घेता केतकीचा खडू मोडला. दुपारपर्यंत फळा भरला, आणि आमच्या रात्रीच्या भाकरींचं पीठही निघालं.

शनिवारी संमेलनात पोरांनी तीच कविता म्हटली. परीक्षक सरांनी डोळे बारीक केले. "छान. कोणी लिहून दिली?"

"कोनी नाय सर," यमुना म्हणाली, "दळली."

सरांनी पुन्हा म्हणायला लावली. या वेळी सगळा हॉल कोंबडीच्या ओळीला हसला आणि टाळ्या वाजवत राहिला. केतकी रडत होती. मी तिला म्हटलं, "फोटो काढ, रडायला घर आहे."

आता सायखेड्याला परतलेय. कंबर अजून जीपमध्येच आहे. काल त्या वर्गाचा फोन आला. मी हौसेने एक ओळ टाकली, जोड मागितली. तिकडे कुजबुज झाली, मग प्रवीणचा आवाज आला, "आजी, ही तुमची हाय. आम्ही आमची टाकतो, तुम्ही जोडा."

कालपासून जोडतेय. अजून जुळली नाही.